दार अडवून उभी मुलं

भाषांतराचा नियम आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. रुग्ण जे बोलेल ते जसंच्या तसं सांगायचं. काही गाळायचं नाही, काही जोडायचं नाही, आणि आपल्याला विचित्र वाटलं म्हणून नीट करून तर मुळीच सांगायचं नाही. मी नियम पाळणारी मुलगी आहे. सगळा घोळ त्यानेच झाला.

तेव्हा मी कोलकात्याला विद्यापीठात क्लिनिकल सायकॉलॉजी शिकत होते. हे मराठी नातेवाइकांना समजावून सांगणं हा एक वेगळाच अभ्यासक्रम होता. पुण्याच्या मावशीने ओळख करून देताना मला 'वेड्यांची डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली होती. मी डॉक्टर नाही, असं तिला एकदा सांगितलं. तेव्हापासून ती 'वेड्यांची' एवढंच म्हणते.

बाबा सरकारी बँकेत होते. त्यांची इकडची बदली तीन वर्षांची होती आणि मी तेव्हा बालवाडीत होते. तीन वर्षं संपेपर्यंत बाबांना इथली दुपारची झोप मानवली आणि मग आम्ही राहूनच गेलो. आमचं भाड्याचं घर बागबाजारात. अठराव्या शतकात मराठ्यांनी शहरात शिरू नये म्हणून जिथून खंदक खणायला घेतला होता, त्याच टोकाला. घरमालकांना यात काही विशेष वाटत नसे. त्यांना फक्त गच्चीवर पापड वाळत घातलेले चालत नसत.

माझी मराठी स्वयंपाकघरात वाढलेली होती. जेवलीस का, कुठे होतीस इतका वेळ, केस बांध आधी, या विषयांवर मी अस्खलित बोलू शकायचे. त्यापलीकडे गेलं की मला घाम फुटायचा. इथे लिहितेय ती मराठी मी नंतर हट्टाने कमावली आहे. आणि ज्या बाईबद्दल लिहिणार आहे, तिची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मेथी मात्र तीच आहे.

दुसऱ्या वर्षी आमचं काम एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात असायचं. तिथे आमच्याहून थोडी पुढची एक डॉक्टर होती, तिला सगळे दिदी म्हणत. एके सकाळी मी चहाच्या रांगेत उभी असताना तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"तू मराठी ना? चल."

आत बाकावर एक बावीस-तेवीस वर्षांची बाई बसली होती. शेजारी सासू, सासूच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ, आणि मागे उभा असलेला नवरा. माणसं सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची. त्या भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या देशभर जाऊन जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा करतात. त्याला गलाई म्हणतात. बडाबाजारात यांची भट्टी होती, आणि भट्टीच्या वर राहायच्या दोन खोल्या. नवरा लहानपणापासून इथलाच, बंगाली आमच्या घरमालकांइतकी सफाईदार बोलायचा. बाई लग्न होऊन वर्षापूर्वी आली होती आणि तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं.

बाळंतपणासाठी सासू गावाहून आली होती; सून तिला 'आत्या' म्हणायची. तिनेच हकिगत सांगितली. सून जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे बघत बसते. बाळाला मांडीवर दिलं तर पाजते, पण आपणहून उचलून घेत नाही.

"लेकरू हिच्याजवळ ठिवायचं म्हंजे जिवाला घोर हाय," सासू म्हणाली. "उद्या हिनं कायतरी केलं म्हंजे? मंगळवारची तिकिटं काढल्याती. लेकराला घिऊन मी गावाकडं जाती. हिला तुमी बरी करा, मग बघू."

बाळ आईशिवाय दोन दिवस रेल्वेत राहणार होतं, डब्यातल्या दुधावर, आणि पुढे किती महिने ते कुणालाच माहीत नव्हतं. सासू वाईट नव्हती, घाबरली होती. पण तिकीट घाबरून काढलं काय आणि वाईटपणाने काढलं काय, गाडी तीच असते.

दिदीने प्रश्न विचारायचे आणि मी ते मराठीत न्यायचे, असं ठरलं. पहिला प्रश्न मनःस्थितीबद्दलचा होता.

"तुम्हाला उदास वाटतं का?" मी विचारलं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने वापरत होते.

"बरं हाय," ती म्हणाली.

"मनात कसले विचार येतात?"

"बरं हाय."

"झोप लागते का?"

"बरं हाय."

मी प्रत्येक वेळी दिदीला इंग्रजीत सांगत होते की ती बरी आहे. शेवटी दिदीने लिहिणं थांबवलं. "मग ही इथे कशाला आलीये?" असं तिने विचारलं. याचं भाषांतर मी केलं नाही. तेवढा एक नियम मोडला.

शुक्रवार होता. सोमवारी विभागप्रमुखांसमोर तिला न्यायचं ठरलं. मधल्या दोन दिवसांत मला मराठी सुधारायची होती. रुग्णाबद्दल घरी बोलायचं नाही, हाही एक नियम. म्हणून मी आईला नुसते शब्द विचारले. ती पोळ्या करत होती.

"आई, डिप्रेशनला गावाकडे काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. कामाला लावतात."

"आणि नसलेलं काही दिसायला लागलं तर?"

आईने पोळी तव्यावरच राहू दिली. "कुणाला दिसतंय?"

"कुणाला नाही. मला शब्द हवाय."

"दिसत नाही, तर शब्द कशाला हवा?"

पोळी करपली. ती माझ्याच ताटात आली. त्यानंतर घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले. रविवारी सकाळी शिरा झाला. बाबांनी, म्हणजे ज्यांनी मला कधी चहासुद्धा विचारला नाही त्यांनी, मला फिरायला येतेस का असं विचारलं. आई दार लावून पुण्याला फोन करत होती आणि मावशीचा आवाज दाराबाहेरही ऐकू येत होता. हे असले विषय शिकवले की असंच होतं, असं मावशीचं निदान होतं. संध्याकाळी आईने मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. मी मुकाट्याने बसले. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थिनीने दृष्ट काढून घ्यावी की नाही, याबद्दल अभ्यासक्रमात काहीच नव्हतं.

मोहऱ्या तडतडल्या. धुराने आम्ही दोघी खोकलो. मग आई माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "खरं सांग, तुला करमत नाही का गं?"

दोन दिवस मी 'मनःस्थिती' आणि 'उदासीनता' शोधत होते. आईने हवा तो शब्द मोहऱ्यांच्या धुरात डोळे चोळत सहज वापरला होता.

"करमतं गं," मी म्हटलं. "शप्पथ."

तिचा विश्वास बसला नाही.

सोमवारी सरांची बैठक. सर विभागप्रमुख, साठीच्या जवळ आलेले, आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी. गोल टेबल, एका बाजूला सर आणि दिदी, दुसऱ्या बाजूला ती आणि मी, भिंतीला टेकून आमच्या वर्गातले बाकीचे. नातेवाइकांना बाहेर बसवलं होतं. सरांना एकच गोष्ट ठरवायची होती. नुसतं नैराश्य असेल तर घरी ठेवून उपचार. भास होत असतील तर ताबडतोब वॉर्डात. वॉर्डात बाळाला परवानगी नव्हती. बाळ मग मंगळवारच्या गाडीने जाणार होतं.

दिदीने सुरुवातीचे साधे प्रश्न घेतले. नाव काय. गाव कुठलं. आज वार कोणता. वार तिने चुकीचा सांगितला, पण दीड महिन्याचं बाळ असलेल्या बाईला वार विचारणं हेच मुळात अन्यायाचं आहे.

"नवऱ्याचं नाव विचार," दिदी म्हणाली.

मी विचारलं. तिने मान खाली घातली. पुन्हा विचारलं. मान आणखी खाली गेली. दिदीने काहीतरी लिहिलं. मला भीती वाटली की 'नवऱ्याचं नाव आठवत नाही' असं लिहिलं जातंय. आणि मी, तिला धीर यावा म्हणून, आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात म्हणाले, "घ्या की नाव, लाजताय काय एवढं!"

तिने मान वर केली. चेहऱ्यावर काही नव्हतं. पाढे म्हणावेत तशा सपाट आवाजात, भिंतीकडे बघत ती म्हणाली:

"परसात पेरली मेथी, मेथीला आली फुलं. —रावांचं नाव घेते, दार अडवून उभी मुलं."

तीन दिवसांत तिने उच्चारलेलं हे सर्वांत मोठं वाक्य होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नियमाप्रमाणे भाषांतर केलं. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही.

"ती म्हणते, घरामागे तिने मेथी पेरली. मेथीला फुलं आली. ती नवऱ्याचं नाव घेते आहे. आणि मुलं दार अडवून उभी आहेत."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"किती मुलं?" दिदीने हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिहायला लागली. मला शेजारून तिचं अक्षर दिसत होतं. शब्दांची यमकं जुळवते. विचारांत संगती नाही. दारात मुलं दिसतात. तिन्ही वाक्यं आमच्या पुस्तकात तीन वेगवेगळ्या पानांवर होती, आणि या बाईने ती एका दमात पुरी केली होती.

"ॲडमिट," सर म्हणाले.

तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं. "सर, हा भास नाही. ही पद्धत आहे."

"कसली?"

"आमच्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं नसतं. यमक जुळवून घ्यायचं. त्याला उखाणा म्हणतात. पहिली ओळ कशाचीही असते."

"कशाचीही म्हणजे?"

"भाजी, भांडी, देव. काहीही."

"त्या ओळीचा नवऱ्याशी संबंध काय?"

"नसतो, सर."

"संबंध नसतो, तरी बोलतात."

"हो, सर."

दिदीने वर पाहिलं. असंबद्ध बोलणं म्हणजे काय, हे आम्हाला नेमकं याच शब्दांत शिकवलं होतं.

"आणि मुलं?" सरांनी विचारलं.

"नवी नवरी घरी येते तेव्हा मुलं दार अडवतात. नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत."

"रोज?"

"नाही सर. एकदाच."

 सर म्हणाले, "माझ्या जेठीमाने, म्हणजे थोरल्या काकूने, नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. जेठूंच्या नावाचा एक महिना आहे. त्या महिन्याला ती जन्मभर 'पूजेनंतरचा' म्हणाली." मला वाटलं, सुटलो. पण सर पुढे म्हणाले, "पद्धत असेल. म्हणून मुलं दिसत नसतील असं होत नाही. पद्धतही असू शकते आणि मुलंही. तिलाच विचार."

हे बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. मी तिच्याकडे वळले.

"त्या दारात तुम्हाला मुलं दिसतात का?"

तिने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कुठली मुलं?"

"ती, दार अडवून उभी असलेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही रुग्णांकडे जसं बघतो तसं, शांतपणे, काही न दाखवता.

"ताई, तुमचं लगीन झालं न्हाई न्हवं?"

"नाही."

"तरीच," ती म्हणाली, आणि हसली. ओठाचा एकच कोपरा हलला, पण हसली. सरांनी ते पाहिलं.

"काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं, माझ्या लग्नासकट. 'तरीच'ला इंग्रजीत शब्द सापडला नाही, त्याला एक पूर्ण वाक्य लागलं. भिंतीला टेकलेल्यांपैकी कुणीतरी खोकलं. सरांनी दिदीला नुसती खूण केली, पुढे चालू दे.

पुढचा प्रश्न दिदीच्या कागदावर नव्हता. मी विचारून टाकला. "तुम्हाला इथं करमतं का?"

तिचं तोंड वाकडं झालं, लहान मुलांचं होतं तसं, आणि ती रडायला लागली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, बराच वेळ. मग बोलली.

"आल्या दिवशी दारात पोरं हुती. शेजारपाजारची. समद्यांनी नाव घ्याय लावलं, हसली, दार सोडलं. त्येच्यानंतर मला कुणी काय इचारलंच न्हाई. ह्ये दिसभर खाली भट्टीवर. मी वर. खिडकीतनं कोन काय बोलतंय कळत न्हाई. बोलायचं म्हंजे कुनाशी बोलू?"

"आणि बाळ?"

"हातनं पडंल म्हून भ्या वाटतंय. म्हून मी उचलतच न्हाई. आत्या घेत्यात तेच बरं. पर त्या घिऊन जानार म्हनत्यात," आणि इथे तिने माझं मनगट धरलं, "ताई, त्यास्नी सांगा नेऊ नका. मी घीन. पडू दिनार न्हाई."

हे इंग्रजीत सांगताना मला रडू आलं. मला फार वाईट वाटत होतं. वर्षभर ही बाई माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर राहत होती, आणि मी भाषा विसरत होते म्हणून आईची बोलणी खात होते. भाषांतर करणाऱ्याने रडू नये असा नियम कुणी शिकवला नव्हता, पण तो असणारच.

सरांनी तिला, माझ्यामार्फत, बाळाला इजा करायचे विचार येतात का, हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: भीती आहे, विचार नाही. मग त्यांनी निर्णय सांगितला. बाळंतपणानंतरचं नैराश्य. औषध, दर आठवड्याला भेट, घरी सतत कुणीतरी सोबत. बाळ आईजवळ.

सासूला आणि नवऱ्याला आत बोलावलं. सर फार बारकाईने काम करणारे. त्यांनी आधी नवऱ्याला विचारलं, "बाडीते मेथी आछे?"

नवरा गांगरला. बायकोच्या आजारासाठी त्याने बऱ्याच प्रश्नांची तयारी केली असणार. "आछे, सार. रान्नाघरे." म्हणजे आहे, स्वयंपाकघरात.

"घरामागे?"

घरामागे जागा नाही, घरामागे दुसऱ्याची भट्टी आहे, असं त्याने सांगितलं. पहिली ओळ खरंच कशाचीही असते, याबद्दल सरांचं समाधान झालं असावं.

सासूला निर्णय पटला नाही. "आन काय झालं-बिलं म्हंजे?" तिने मला विचारलं. मी सरांना. सरांनी उत्तर दिलं आणि मी ते तिला सांगितलं: "म्हणून तर तुम्ही थांबा म्हणतात. सोबतीला."

"आन म्हशी?"

याचंही भाषांतर केलं. म्हशी किती, असं सरांनी विचारलं. मग नवराच, आईकडे न बघता, म्हणाला, "आई, ऱ्हा की." सासूने पदर खोचला. मग तिने बाळ उचललं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं, आणि आपले दोन्ही हात खाली धरून ठेवले, पडलंच तर झेलायला. बाळ पडलं नाही. मंगळवारची गाडी त्यांना न घेता गेली.

त्या संध्याकाळी मी घरी आईला विचारलं, "तू इथे आलीस तेव्हा तुला करमायचं का गं?"

आईने गॅस बारीक केला. "पहिली दोन वर्षं नाही," ती म्हणाली. मग "तू लहान होतीस" म्हणून तिने गॅस पुन्हा मोठा केला. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. भाजी होईपर्यंत आम्ही दोघी पुण्यातल्या एका गल्लीबद्दल बोललो, जी मी कधी पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी मावशीला कळवण्यात आलं की मी सुधारते आहे.

रुग्णालयाच्या केसपेपरवरचं काही पुसता येत नाही. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. दिदीने मुलांच्या ओळीवर तशी रेघ मारली, सही केली, आणि मला चहा पाजला.

ती बाई येत राहिली. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. वजन वाढलं, झोप लागायला लागली, औषध कमी झालं. शेजारच्या गलाईवाल्यांच्या दोघी-तिघी बायका दुपारी तिच्याकडे येऊन बसायला लागल्या. सासू आपल्या म्हशींकडे परत गेली, एकटी. थंडीत ती बाई आली तेव्हा दिदीची बदली झाली होती आणि तिच्या जागी एक नवा डॉक्टर होता, फार मन लावून काम करणारा. बाळ आता टेबलावरचं जे दिसेल ते ओढायचं, म्हणून नवरा त्याला कडेवर घेऊन बाहेर थांबला होता.

नव्या डॉक्टरने पेपर पहिल्या पानापासून वाचला. रेघेखालची ओळही वाचली. मग गंभीर होऊन मला म्हणाला, "विचारा तिला, दारात मुलं दिसायची ती अजून दिसतात का?"

मी त्याला सगळं समजावून सांगू शकले असते. पण नियम तो नियम. मी विचारलं.

तिला आठवलं. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून कळलं. मग तिने सावकाश दाराकडे मान वळवली. दारात नवरा उभा होता, आणि त्याच्या कडेवरून तिचं बाळ चौकट धरून आत यायला धडपडत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "एक हाय. लई द्वाड हाय."

डॉक्टरने पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी जसंच्या तसं सांगितलं.